परवानेवाल्यांची टक्केवारी

७ सप्टेंबर २०१२, शुक्रवार

ग्रेव्हीच्या भांड्याशेजारी पिस्तूल! जेवायला बसताना जावयाने, रॉइसने, कमरेचं काढून तिथे ठेवलं – बसलं की टोचतं म्हणे. पण नळी माझ्या लेकीच्या, नोरीनच्या ताटाकडे. बिस्किट-पाव जरासे करपले होते, एवढंच निमित्त. नोरीन मान खाली घालून करपलेला भाग सुरीने खरवडत बसली.

माझी लेक केवढी बडबडी होती!

९ सप्टेंबर, रविवार

प्रार्थनेनंतर चर्चच्या दारात रॉइस मंडळींना आकडे ऐकवत होता. पिस्तूल बाळगायच्या परवान्याचे वर्ग तोच घेतो, अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये. अर्धा गाव त्याच्या हाताखालून गेलाय. गुन्ह्यांत दोषी ठरलेले किती, त्यांत परवानेवाले किती, हे टेक्सास सरकार दरवर्षी छापतं. परवानेवाले अगदी नगण्य, बिनपरवानेवाले कितीतरी पट जास्त. मी म्हटलं, आकडे खरेच असतील, पण कोर्टापर्यंत पोचलेल्यांचेच ना? सगळे हसले.

रॉइसने माझ्या खांद्यावर हात टाकला. “कविराज, तुमच्याकडे कुठंय परवाना? आकड्यांप्रमाणे बघितलं तर आमच्यात धोकादायक तुम्हीच!”

हात जड होता. बराच वेळ तिथेच राहिला.

१२ सप्टेंबर

दिवसभर शाळेतल्या ओपल बाईंनी शिकवलेली नदीची कविता आठवत होतो; असल्या नादामुळेच रॉइस मला कविराज म्हणून चिडवतो. तिसरं कडवं काही केल्या येईना. चौथीचा वर्ग, खिडकीबाहेर लांबवर पांढरा कापूस, आणि मी घाईघाईने म्हणायला लागलो की बाई म्हणायच्या, सावकाश रे, नदी काही पळून जात नाहीये. त्या वर्गात मला कशाचीच भीती वाटत नव्हती.

१८ सप्टेंबर, मंगळवार

नोरीन एकटी आली. फार खोदून विचारलं तेव्हा बोलली. ऑगस्टमध्ये ती भांडी घासत असताना रॉइसने मागून तिच्या डोक्याला नळी टेकवली. मग हसला – अगं, भरलेलं नाहीये!

मी फोनकडे वळलो. तिने माझं मनगट धरलं.

“बाबा, तक्रार झाली तर त्याचा परवाना जाईल. परवाना गेला की वर्ग बंद. मग तो दिवसभर घरात असेल.”

अशी स्वच्छ राहते तर परवानेवाल्यांची ती टक्केवारी. नोरीन गेल्यावर मी दाराला कडी लावली. स्वतःच्याच घरात, भर दुपारी.

२८ सप्टेंबर, शुक्रवार

शाळेच्या फुटबॉल सामन्याला पिस्तूल नेता येत नाही, परवाना असला तरी. सगळे ते आपापल्या पिकअप ट्रकमध्येच ठेवून येतात, आणि आपल्याकडे ट्रकला कुलूप लावतो कोण! बँड वाजायला लागला तसा मी उठलो. रॉइसच्या ट्रकमधून काढलं, टोपीत गुंडाळलं, गुरांच्या तळ्यात फेकून दिलं. किती जड असतं ते!

अक्षर बघा – ओपल बाईंनी छडीच मारली असती.

३० सप्टेंबर, रविवार

शेरीफच्या कचेरीतला पोलीस, लोनी, आला. मला ट्रकपाशी कुणीतरी पाहिलं होतं. बिचारा दारातच घुटमळला. “काका, बंदुकीची चोरी म्हणजे मोठा गुन्हा हो. वाटेत पडलेली सापडली, असं काहीतरी म्हणा ना.”

मी म्हटलं, चोरली. का चोरली तेही सांगितलं. तेवढं मात्र त्याने लिहून घेतलं नाही. म्हणाला, नोरीनताईंना विचारून आलोय, असं काही घडलंच नाही म्हणतात.

तिने ‘नाही’ म्हटलं तेव्हा रॉइस तिथेच उभा होता का, हे मी विचारलं नाही. उत्तर ऐकायची हिंमत झाली नाही.

१५ नोव्हेंबर, गुरुवार

दोषी ठरलो; बिनपरवानेवाल्यांत आणखी एक. वय बघून तुरुंग टळला. नोरीन रॉइसशेजारी बसली होती. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. बाहेर आल्यावर रॉइसने ट्रकमधून नवं पिस्तूल काढून शर्टाखाली खोचलं. न्यायाधीशांनी मला अट घातलीय – माझ्यापासून त्या कुटुंबाला धोका आहे म्हणून. नोरीनच्या घराजवळ फिरकायचं नाही, तिला फोनही करायचा नाही.