न पाहिलेला आकडा

३ फेब्रुवारी, मंगळवार
...सडा टाकला, नळाचे दोन हंडे भरले, तुरीच्या शेंगा उकडायला ठेवल्या, यांच्या फोटोची काच पुसली, डबा घेऊन आठची कंपनीची गाडी धरली. गेल्या बुधवारची ही सकाळ पुन्हा पुन्हा आठवून पाहते. ताप नव्हता, कुणाशी भांडण नव्हतं. सबब सापडत नाही.

त्या दिवशी कच्छहून मातीचा ट्रक आला. लोखंडाच्या भुकटीच्या गोळ्या वळतात, त्यात ही माती पिठात मीठ घालावं तेवढीच पडते. पण गोळी धरून ठेवते ती तीच. माझं काम एवढंच : दोन ग्रॅम माती पाण्याच्या नळीत चिमटीचिमटीनं सोडायची, चोवीस तासांनी किती फुगली ते वाचायचं. तोवर ट्रक उतरवायचा नाही; आकडा वीसच्या खाली आला तर माल परत. स्टोअरवाला म्हणाला, "बाई, नेहमीच्याच व्यापाऱ्याचा माल हाये. आकडा टाका, गाडी सोडून द्या."
रजिस्टरात टाकला. २६. खाली दुसऱ्या दिवसाची तारीख. दुसऱ्या दिवशी नळी न बघताच धुतली.

५ फेब्रु., गुरु.
भट्टी कालपासून बंद. गोळ्या भट्टीपर्यंत जाईतो फुटतात, आत नुसता चुरा. साहेबांनी ठपका देवरावभाऊंवर ठेवला : गोळ्या वळायच्या थाळीवर पाणी जास्त मारलं म्हणून. गेटपास काढून घेतला.
देवरावभाऊ म्हणजे यांचे कामावरचे जोडीदार. हे गेल्यावर माझा अर्ज घेऊन तेच साहेबांच्या दारात उभे राहिले होते. परवापर्यंत लॅबच्या खिडकीतून डोकावायचे, "वहिनी, फुगली का तुमची माती? का रुसली?"
आज मी ती खिडकी लावून घेतली.

७ फेब्रु., शनि.
त्यांच्या घरी गेले. कशाला, कोण जाणे. त्यांची बायको सुनंदा चहा टाकता टाकता म्हणाली, "भांडा म्हनते मी, तं हा मानूस तोंड शिवून बसला!"
देवरावभाऊ तळहाताकडे बघत होते. "सतरा वर्सं झाले, वहिनी. पानी किती पायजे ते हाताले समजे. आता वाटते, हातच चुकला असन."
तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणाले, चहा गोड झाला.
हे असते तर रागावले नसते. ताटावरून उठले असते फक्त.

९ फेब्रु., सोम.
प्रत्येक ट्रकमधली थोडी माती पिशवीत बांधून कपाटात ठेवतो. त्या ट्रकची काढली. दोन ग्रॅम सोडली.
या तपासणीचं इंग्रजी माहितीपत्रक मीच वाचलेलं, शब्दकोश घेऊन, महिनाभर. चोवीस तासांच्या आधीचा आकडा धरू नये, हे त्यात ठळक छापलंय. सातवी शिकलेल्या बाईनं ते वाचलं याचा केवढा तोरा होता मला. न वाचणारीनं केलं असतं तर...

१० फेब्रु., मंगळ.
१४. खाली वाकून दोनदा वाचलं.
स्टोअरवाल्याला दाखवलं. "येड्या झाल्या का बाई? तुमची बी नोकरी जाईन अन् माही बी. देवराव काय, लागन कुठीतरी."
लागतीलही. या वयात मला मात्र दुसरी लॅब मिळायची नाही. पण दुसरीकडं लागले तरी ते पाणी मारताना आता दहादा थांबणार. ते कुणी केलं?

११ फेब्रु., बुध.
साहेब नागपूरला गेलेत, सोमवारी येतील. रजिस्टरात २६ वर एकच रेघ मारली, खालचा आकडा दिसेल अशी. शेजारी १४ लिहिलं, कालची तारीख घातली, सही केली. रजिस्टर त्यांच्या टेबलावर उघडं ठेवलं. मग देवरावभाऊंकडं गेले आणि दारातच सांगितलं, की तो आकडा मी न बघता लिहिला होता.