मोकलांची घोडी आणि तिच्यावर बसायचा हक्क

मी, गिरजाबाई सखा मोकल, वय एकाहत्तर, धंदा घोड्यांसाठी शिवणकाम, राहणार पेण, जिल्हा रायगड, हा कागद माझ्या मर्जीने आणि पूर्ण अक्कलहुशारीने लिहून ठेवते. अक्कलहुशारीबद्दल डॉ. जुबेदा मुकादम यांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला, तो मी सांगितला. मुलांची नावे विचारली, तीही बरोबर सांगितली. गुणही सांगू का, असे मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "नको मावशी, तेवढं पुरे."

हे लिहायचे कारण एकच आहे. माझ्या घरामागच्या पागेत रंभा नावाची घोडी आहे. मी डोळे मिटल्यावर तिचे काय करायचे, हे माझ्या दोन्ही मुलांनी मला न विचारता ठरवून टाकले आहे. धाकटा प्रणित तिला किनाऱ्यावर गाडी ओढायला विकणार आणि थोरला प्रविण पागेच्या जागी दोन गाळे काढणार. घोडी माझ्या कमाईची, पागा माझ्या नावावर, आणि अजून जिवंतही मीच आहे, एवढ्या किरकोळ गोष्टी त्यांच्या लक्षात आलेल्या दिसत नाहीत. म्हणून खालीलप्रमाणे.

कलम १. आधी घराण्याविषयी दोन शब्द, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल. माझे वडील रोह्याला टांगेवाल्यांची खोगिरे शिवत. मी त्यांच्याजवळ बसून शिकले आणि लग्न होऊन पेणला मोकलांच्या घरात आले. मोकलांची घोडी लग्नसराईत नवरदेवांसाठी पार कोलाडपर्यंत जाते. या मंडळींना घोड्यावर बसण्याचा शौक चार पिढ्यांचा. पडण्याचाही तितकाच जुना, पण तो बोलून दाखवण्याची घरात रीत नाही. आजेसासरे वडखळच्या नाक्यावर पडले, सासरे बांधावरून थेट मिठागरात पडले, आणि तसबिरीत मात्र दोघेही छाती काढून घोड्यावर बसलेले आहेत. पडलो तरी नाक वर.

मी उंबरठा ओलांडला त्याच दिवशी सासूबाईंनी, म्हणजे बायजाबाईंनी, मला घरचा कायदा सांगितला. "आपल्यात बायकांनी शिवायचं, बाप्यांनी बसायचं. रिकिबीत पाय घालायचा नाय गो." आम्ही घोडीला धुवायचे, चारायचे, तिच्या कपाळी कुंकू लावायचे आणि तिची झूल शिवायची. वरून जर, आरसे आणि गोंडे. आतल्या बाजूला, घोडीच्या अंगाला लागते तिथे, घरात येणाऱ्या प्रत्येक सुनेने आपल्या लग्नाच्या शालूचा एक तुकडा लावायचा. म्हणजे पाठीवर बसणारे बाप्ये दिसायचे सगळ्या गावाला, आणि त्यांच्याखाली कोण आहे ते फक्त घोडीला ठाऊक. माझा तुकडा डाव्या बाजूला आहे, हिरवा. तो लावताना मला अभिमान वाटला होता, हेही लिहून ठेवते.

कलम २. राहते घर दोन्ही मुलांना समान. वरचा मजला प्रविणचा, खालचा प्रणितचा, जिना दोघांचा. जिन्यावरून भांडण होणार, याची मला पुरेपूर कल्पना आहे. माझ्या माघारी घरात काहीतरी हालचाल राहायला हवी.

कलम ३. प्रविण कंपनीत शिफ्टला जातो. स्वतःला घोडेस्वार म्हणवतो आणि मोटारसायकल चालवतो. हेल्मेटला तुरा लावायचा तेवढा बाकी आहे. त्याला त्याच्या वडिलांचे फेटे आणि चांदीच्या मुठीचा चाबूक देत आहे. चाबूक भिंतीवर टांगावा. घोड्यावर तो कधी चालला नाही आणि मोटारसायकलवर चालणार नाही, तेव्हा शोभेला उत्तम.

कलम ४. प्रणितला त्याच्या लग्नातले खोगीर. त्याला ते नको आहे हे मला माहीत आहे, म्हणूनच देत आहे. हकिगत अशी की, रंभाला एक खोड आहे. तंग, म्हणजे पोटाखालून खोगीर बांधायचा पट्टा, आवळायला घेतला की ती पोट फुगवून उभी राहते. आवळणाऱ्याला वाटते, बसला घट्ट. चार पावले चालली की ती श्वास सोडते आणि पट्टा लोंबतो. म्हणून तिला थोडे फिरवून तंग पुन्हा आवळायचा असतो. प्रणितच्या वरातीच्या दिवशी घरातल्या पुरुषांनी तंग एकदाच आवळला, नवरदेवाला वर चढवले आणि फोटो काढले. मी यांना, म्हणजे माझ्या यजमानांना, बाजूला घेऊन सांगितले.

"पट्टा ढिला पडलाय. पुन्हा आवळा."

"चार पिढ्या घोड्यावर बसतोय आम्ही, गिरजे. तू तुझी सुई बघ गो."

"अवो, हिनं पोट फुगवलं व्हतं."

"मग आता काय, नवरदेवाला खाली उतरवू? मांडवाच्या आधी नवरदेवानं पाय खाली टेकला तर अपशकुन व्हतो. एवढं तरी कळतं का तुला?"

अपशकुन टळला, हे मान्य केले पाहिजे. बाजारपेठेच्या वळणावर खोगीर सावकाश फिरले आणि नवरदेव खोगिरासकट घोडीच्या पोटाखाली गेले, पण पाय जमिनीला शेवटपर्यंत टेकले नाहीत. ते रिकिबीत अडकले होते. टेकले ते डोके. मुंडावळ्या रस्त्यावर, बँडवाले तल्लीन. रंभा मात्र जागच्या जागी खांबासारखी उभी राहिली, नाहीतर आज वाटणी एकाच मुलाला झाली असती. तिचा लगाम धरून होती प्रविणची मुलगी किमया, तेव्हा बारा वर्षांची. ती एवढेच म्हणाली, "आजी, हिने श्वास सोडला."

यानंतर यांनी सगळ्या पेणला काय सांगितले? शिवण उसवली. बायकोची शिवण कच्ची निघाली. चार पिढ्यांची अब्रू माझ्या दोऱ्याला बांधून मोकळे झाले. वर्षभर माझ्याकडे खोगीर शिवायला कोणी आले नाही, आणि हे जाईपर्यंत खरे बोलले नाहीत. मी रडले, आणि ते फक्त रंभाने पाहिले. यांना माफ केले आहे का, असे कोणी विचारल्यास सांगावे, गिरजाबाई समक्ष भेटून कळवणार आहेत.

ते खोगीर मी जपून ठेवले आहे. त्याचा एक टाका आजवर सुटलेला नाही. माझ्या तेराव्याला, जेवणाची पाने वाढण्याआधी, प्रणितने ते अंगणात मांडावे आणि आलेल्या प्रत्येकाला शिवण ओढून पाहू द्यावी. शिवण पाहिल्याशिवाय कोणाला लाडू वाढू नये. ही अट पाळली नाही तर खालचा मजलाही प्रविणचा.

कलम ५. माझे शिवणयंत्र, दाभणे, आऱ्या, मेणाच्या वड्या आणि उरलेला सगळा माल हफ्साला. ही रोह्याजवळच्या अष्टमी गावचे हसनभाई नालबंद यांची सून. सहा वर्षे माझ्याजवळ बसते, हात चांगला आहे, बडबड जास्त आहे. माथेरानच्या घोड्यांची खोगिरे आता तीच भरते. खोगीरभरती हा शब्द लोक फुकटच्या भरताडासाठी वापरतात. लोकांनी एकदा हफ्साने भरलेले खोगीर दाबून पाहावे, आणि मग आमच्या घरातले पुरुष मोजावेत.

कलम ६. आता मुख्य. रंभा घोडी, तिची पागा, पागेपुढचे अंगण आणि घरची झूल, हे सर्व माझी नात किमया प्रविण मोकल हिला देत आहे. यात दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. प्रविणला गाळे काढायचेच असतील तर जिन्याखाली जागा आहे.

कारण विचारतील, म्हणून कारण देते. किमयाला शिवता येत नाही. मी खूप प्रयत्न केले. तिने शिवलेला तोबरा, म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायची चण्याची पिशवी, रंभाने चण्यांसकट खाल्ला, कारण तो तोंडातच उलगडला. मोकलांच्या कायद्याप्रमाणे जे शिवतात ते बसत नाहीत आणि जे बसतात त्यांना शिवता येत नाही. त्या हिशेबाने ही पोर जन्मतःच घोडेस्वार आहे. शिवाय रोज सकाळी ती मिठागराच्या बांधावरून रंभाला नुसत्या झुलीवर बसून नेते आणि दोघी कोरड्या परत येतात. असे या घराण्यात आधी घडलेले नाही.

किमया लग्न करील तर वरातीत रंभावर तीच बसेल. नवरदेवाने चालत यावे, किंवा सासऱ्यांनी त्याला मोटारसायकलवर घ्यावे. तिने शालूचा तुकडा झुलीला स्वतःच लावावा. वाकडा लागेल, लागू दे.

हे कलम मी गेल्या रविवारी दोन्ही मुलांना वाचून दाखवले. प्रविण म्हणाला, "पोरीच्या जातीनं वरातीच्या घोडीवर? लोक शेण घालतील तोंडात, आये." ते मी ऐकून सोडून दिले. पण प्रणितने वर्मावर बोट ठेवले. तो म्हणाला, "आये, तू जल्मात कधी घोड्यावर बसलीस? मग घोडी कोनाच्या हाती द्यायची ते तुला काय कळनार? कोर्टात हेच इचारतील."

इथेच घोडे पेंड खाते. मी बसलेली नाही. पन्नास वर्षे मी घोड्यांच्या पाठी मापल्या. कुठल्या घोड्याचा खांदा उतरता, कुठल्याला घाव होतात, हे मला डोळे मिटून सांगता येते. पण वर बसलेली नाही. बायजाबाईंनी नको म्हटले आणि मी कधी पुन्हा विचारलेही नाही. प्रणितच्या बोलण्याने मला फार लागले, कारण ते खरे होते.

तेव्हा हा कागद इथे थांबवून मी पागेत जात आहे.

कलम ७. इथून पुढचा मजकूर साक्षीला बोलावलेल्या डॉ. मुकादम लिहून घेत आहेत, कारण माझ्या दोन्ही हातांत लगाम आहे.

मी मिठाच्या दोन गोणींवर उभी राहून चढले. हसनभाईंनी घोडीचे तोंड धरले आणि सतत काहीतरी पुटपुटत राहिले. ती प्रार्थना माझ्यासाठी होती की घोडीसाठी, ते त्यांनी सांगितले नाही. किमयाने तंग आवळला, रंभाला अंगणात फिरवले, पुन्हा आवळला, आणि मगच मला म्हणाली, "आजी, आता." प्रविण वरच्या मजल्यावरून धावत आला.

"आये, उतर आधी!"

"नाय."

"पडशील! आख्खी आळी बघतेय!"

"बघू दे. मोकलांकडचं कोन तरी बसलेलं बघू दे त्यांना."

प्रणित खाली वाकला आणि तंगाखाली दोन बोटे घालून पट्टा घट्ट आहे का ते पाहिले. मग रिकीब धरून माझ्या पायाशी उभा राहिला. वरातीपासून आठ वर्षे लागली, पण शिकला. त्याच्या खोगिराची अट तरीही कायम आहे.

वरून काय दिसते, तेही नोंदवा म्हटले डॉक्टरांना. पागेची भिंत ठेंगणी दिसते. भिंतीपलीकडे मिठागरे आहेत, ती मी रोज पाहते, पण इतकी एकदम कधी पाहिली नव्हती. माझ्या मुलांच्या डोक्यांवरचे विरळ झालेले केस दिसतात. आणि ही पाठ, जिचे माप माझ्या वहीत नाही, हातात आहे, ती बसल्यावर इतकी उबदार लागते आणि श्वासागणिक हलते, हे मला कोणी सांगितले नव्हते. चार पिढ्यांत एकानेही सांगितले नाही. मला फार आनंद झाला आहे. आणि पन्नास वर्षांचा रागही आला आहे. दोन्ही लिहा.

कलम ६ कायम. त्यात काना-मात्रेचाही फरक नाही. ज्याला कोर्टात जायचे असेल त्याने खुशाल जावे, आणि गिरजाबाई कधी घोड्यावर बसल्या होत्या का, असा प्रश्न निघालाच, तर हाच कागद पुढे करावा.

एकदाचे घोडे गंगेत न्हाले.

ठिकाण: रंभाच्या पाठीवर, मोकलांची पागा, पेण
दिनांक: ९ डिसेंबर २०२४

(सही) गिरजाबाई सखा मोकल

आम्ही खाली सही करणारे साक्षीदार लिहून देतो की, वरील बाईंनी आमच्या डोळ्यांदेखत, शुद्धीवर आणि घोडीवर असताना, वरील सही केली.

१. डॉ. जुबेदा मुकादम, पेण
२. हसन नालबंद, अष्टमी, रोहा

बाईंच्या सांगण्यावरून साक्षीदार आणखी नमूद करतात की, सही थोडी वाकडी आली आहे, कारण त्याच वेळी घोडीने शेपटी झाडली. खोगीर हलले नाही.