दोनच हाका

चोरखमारा, फेब्रुवारी १९५७, शुक्रवार

मतं मागणाऱ्यांनी जीव नकोसा केला आहे. सकाळी बैलगाडीवरचा भोंगा, दुपारी जीप, मग दारोदार हाका, "नामदेवजी, आहा का जी घरी?" ओ दिली नाही तरी थांबत नाहीत. शेवटी सुनेने कडीच लावली.

तिन्हीसांजेला तलावाकडून हाक आली, "नाम्या!" थोड्या वेळाने पुन्हा, "नाम्या!" शाळेत कविता म्हणताना मी अडलो की दादा मागच्या रांगेतून असाच पुकारायचा आणि पुढची ओळ सांगायचा. दादाला जाऊन किती वर्षं झाली! मला नाम्या म्हणणारं आता आहे कोण?

मी ओ देणार, तोच सून म्हणाली, "मामाजी, काऊन उठून राहिले? मतवालेच असतीन. तिसरी हाक येऊ द्या." मेलेलं माणूस दोनदाच हाक मारतं, म्हणून तिन्हीसांजेला तिसरीशिवाय आमच्याकडे कुणी ओ देत नाही.

तिसरी आलीच नाही.

"गेले बापा, सुटलो," म्हणत सून चुलीकडे वळली. पण मतवाला दोन हाकांवर कधी परत गेला आहे? दोनच हाका. ओ दिली असती तर? दादाला पुढची ओळ सांगायची होती का?

कडी काढायचा धीर होत नाही. उद्या भोंगा लवकर आला तर बरं.