भंगारवाला येण्याआधी

छकुले,

अगं, आपली जुनी जीप सुरू झाली! तुझंच खरं निघालं. प्लगच्या दोन वायरींची अदलाबदल झाली होती. त्या नीट लावल्या आणि इंजिन असं गुरगुरलं, की शेजारच्या काकू गॅसवरचं दूध सोडून धावत आल्या! मी लगेच बंद केलं. बाबाला ते तूच सुरू करून दाखवायचंस. त्यानं आज भंगारवाल्याला बोलावलंय ना, म्हणून त्या भंगारवाल्याला चहात गुंतवून ठेवायला मी कोपऱ्यावर चाललोय. बाबा कामावरून आला की त्याला शेजारी बसव. हँडब्रेक ओढ, गिअर न्यूट्रलला आहे ना बघ, मग किल्ली फिरव. आधी खोकेल, घाबरू नकोस. आवाज कोपऱ्यापर्यंत आला, की भंगारवाल्याला हात हलवत परत पाठवतो.

आजोबा