खारूचा गृहपाठ

६ ऑगस्ट
कोपरा दोनदा मोजला!
भाचीच्या पुस्तकातलं साधं गणित — चार भिंतींची एक खोली, विटा किती लागतील? चारी भिंतींची बाहेरून लांबी घेतली, बेरीज ठोकली. चूक. पुन्हा केली, पुन्हा चूक. तासाभराने उजेड पडला. कोपऱ्यातल्या विटा दोन्ही भिंतींत धरल्या होत्या. चाळीस वर्षं गवंडीकाम केलं, हजारभर कोपरे या हातांनी बांधले, आणि कागदावरच्या एका कोपऱ्याने मला लोळवलं.
खारू हसली. "मामा, तू शिकतोयस की मी?"
शिकायचं तिनेच. लहानपणापासून एका जागी बसणं माहीत नाही, म्हणून नाव खारू. ताईला मी शब्द दिलाय — पोरगी माझ्याकडे राहील, युनिव्हर्सिटीत बांधकामाची मापं आणि अंदाज काढायला शिकेल, पंख्याखाली बसून नोकरी करेल. माझ्यासारखी गुडघे झिजवणार नाही. गेल्या वर्षी मोजमापातच नापास झाली. यंदाही नापास झाली तर नाव काढून टाकतील. म्हणून मीच पुस्तक उघडलं. माझी शाळा सातवीपर्यंत. पण नकाशा वाचायला तरी मला कोणी शिकवलं होतं?

९ ऑगस्ट
गिलाव्याचा धडा. खिडकी असेल तर तेवढा गिलावा वजा. बरोबर. पण लहानसा झरोका असेल तर वजा करायचा नाही म्हणे! भोक आहे तिथे गिलावा मोजायचा?
ही म्हणाली, "अहो, आधी भोकाला गिलावा लावून दाखवा."

१० ऑगस्ट
अंघोळ करताना उलगडलं! झरोक्याच्या आतल्या कडा कोण मोजतो? कोणीच नाही. आणि गवंड्याचा जीव तिथेच तर जातो. वजा केलं नाही की फिट्टंफाट. हा नियम करणाऱ्याने कधीतरी थापी धरली असणार.
ओल्या डोक्यानेच खारूला सांगायला धावलो. जेवत होती. "कळलंय ना तुला, मग तूच लिही ना मामा. मी उतरवून घेते."
लिहिलं. चुकलं का माझं?

२१ ऑगस्ट
वही लाल होऊन परत आली. शेकडा पाच विटा मी जास्त धरल्या होत्या, तुटतातच की! सरांचा शेरा — "तुटफूट दरात धरा, मापात नाही." भिंतीत बसल्या तेवढ्याच मोजायच्या. मग युनिव्हर्सिटीतल्या विटा तुटत नाहीत का? आणि दरात म्हणजे नक्की कुठे?
खारू म्हणाली, "ट्रक रिकामा करतानाच केवढ्या तुटतात!"
अगदी खरं. पण हिने ट्रक कुठे पाहिला? प्रॅक्टिकल असेल.

२ सप्टेंबर
दहापैकी सात!
आधी आनंद झाला, मग लाज वाटली. हे सात कोणाचे?
खारू दुप्पट जेवते आणि आठ वाजता आडवी होते. अभ्यासाने शिणते बिचारी.

११ सप्टेंबर
ताईचा फोन. "पोरगी बसते ना रे अभ्यासाला?"
"गृहपाठ एकही चुकत नाही," म्हटलं.
खोटं तर नाही. पण गृहपाठ करतं कोण, ते सांगितलं नाही.

१९ सप्टेंबर
सरांनी पालकांना बोलावलं होतं. कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. सर म्हणजे माझ्या मुलाच्या वयाचं पोर.
"काका, गृहपाठ वेळेवर येतो, सुधारणाही छान आहे. मैत्रीण आणून देते. पण मुलगी सहा आठवड्यांत वर्गात दिसलेली नाही! सोमवारपासून आली तर ठीक, नाहीतर परीक्षेला बसता येणार नाही."
जिन्यात बसकण मारली. सुधारणा छान आहे म्हणे! मी पास होत होतो आणि पोरगी बुडत होती.
घरी आली तशी विचारलं, "कुठे असतेस दिवसभर?"
ताकास तूर लागू देणार नाही असं वाटलं होतं. पण तिने सरळ सांगितलं, "नव्या शाळेच्या साइटवर. विटांच्या कामावर."
"मोजायला?"
"लावायला."
ही स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली.
"पंख्याखाली मला झोप येते रे मामा," खारू म्हणाली. डोळे भरले होते, पण मान ताठ. "तुझी थापी घेऊन गेले होते, विचारलं नाही. तेवढ्यासाठी रागव."
"आणि ताईला काय सांगू?"
"उद्या साइटवर ये. बघ. मग सांग काय सांगायचं ते."
आपण गवंडी, आणि आपल्या पोरीने गवंडी होऊ नये — हे मी कुणाच्या भल्यासाठी धरून बसलोय? पण गुडघे? उन्हातान्हात मुलीची जात? सोमवारी तिला ओढून वर्गात बसवीन. काय काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलंय. एक शब्द मागे घ्यायचा नाही!

२० सप्टेंबर
साइटवरच्या बांबूच्या परांचीवर चढलो. तिथला मिस्त्री म्हणाला, "हे आठ थर तिचे." त्याच्या हातातला ओळंबा घेऊन भिंतीला लावला. दोनदा लावला. जुळवून ठेवलेलं एकही वाक्य आठवेना.
घरी येऊन ताईला फोन केला. "भिंत सरळ आहे गं," एवढंच तोंडातून निघालं.
ती म्हणाली, "कुठली भिंत?"