भोकं पडलेली लाकडी वाटी

अहो,

काल माळ्यावर सापडलेल्या वाटीला खाली तीन भोकं कशाला, हे कळंना म्हणून तुम्ही तिच्यात पेनं ठेवली. आज आईंनी डाव्या हातानं ती सगळी फेकली. "आगं, हे पेरायचं चाडं हाय. तिफणीवर बसवत्यात, मुठीनं बी सोडलं की तीन भोकांतनं तीन नळ्यांत पडतं!"

मग मी त्यांच्या लकव्याच्या उजव्या मुठीत ज्वारी भरली. डॉक्टरांनी दाबाया दिलेल्या चेंडूला दाद न देणारी ती मूठ चाड्यावर धरली, आन बोटं हलून दाणे सुटाया लागले! तिन्ही भोकांतनं सारखे! आमी दोघी लई हसलो.

चाडं घेऊन डॉक्टरांकडं गेलोय. भाकरी झाकून ठेवलीया.

घरभर ज्वारी दिसंल. झाडू नका. सांडली न्हाय, आईंनी पेरलीया.

— सुमित्रा