भावाची घोडी

हॅलर्ड काउंटी, केंटकी
मंगळवार, २८ जुलै १९८७

प्रिय हॉलिस,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे फोडलंस, त्याबद्दल आभार. खुबा कसा आहे? ऑपरेशन नीट झाल्याचं चर्चमध्ये कळलं, आणि तू नर्सला कुबड्या धरायला शिकवत होतास हेही कळलं. बरा होणार तू. इकडे सगळं ठीक. तंबाखूचे शेंडे खुडून झाले, टोमॅटो उदंड आलेत, आणि उकाडा असा आहे की कोंबड्यासुद्धा पोर्चखालून हलत नाहीत.

लिहायचं कारण शनिवारचा घोड्यांचा शो. तुला येता आलं नाही, आणि तुझी लेक नडीन सगळं सांगणार ती आईच्या नजरेने. मुलगी रिंगणात असली की आईला फक्त मुलगी दिसते. तुला घोडीचंही ऐकायचं असणार. म्हणून लिहिते.

मी यंदा पंच नव्हते. गुडघ्याने दगा दिला, हे तुझ्या कानावर आलंच असेल. माझ्या जागी मिझुरीहून प्रूइट म्हणून एक गृहस्थ आले. मी आपली गॅलरीत बसून लिंबू सरबत पीत होते.

सतरा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींचा वर्ग, पाच चाली शिकवलेले घोडे, एकूण नऊ. नडीनची टेसी सातवी आत आली. हॉलिस, ती घोडी दारातून आली ना, तेव्हा माझ्या शेजारचा म्हातारा बोलायचा थांबला. मान अशी उंच, कान पुढे, आणि दुडकीला गुडघे पार छातीशी. टेसीचे हात मात्र शांत. ते हात तुझे आहेत. रॅकच्या वेगवान चालीत तर टापा एकेक सुट्या ऐकू येत होत्या, आणि वर पोरगी इतकी स्थिर की मांडीवर भरलेला कप ठेवला असता तर थेंब सांडला नसता.

तिसरी आली. नडीनने तुला सांगितलं असेल की पहिली यायला हवी होती. मी असते तर चौथी लावली असती. उलट फेरीला कॅंटरची दौड घेताना घोडी चुकीच्या पायावर उचलली, चार ढांगा तशाच गेल्या. प्रूइट तेव्हा पलीकडे बघत होते. मी बघत होते. पण पोरीने घाबरून लगाम ओढला नाही. घोडीला श्वास घेऊ दिला, सावरलं आणि पुन्हा उचललं. हे शिकवून येत नाही. मी तिथे एकटीच उभी राहून टाळ्या वाजवत होते, आणि लोक वळून बघत होते.

आता हसू नकोस. गुडघ्याचं खोटं आहे.

मे महिन्यात शोच्या ऑफिसातून ओपल डनिगनचा फोन आला. म्हणाली, "रेटा, तुझ्या भावाचा अर्ज आलाय. परत पाठवावा लागणार."

"का? मुलगी बसते की वयात. डिसेंबरपर्यंत सतराचीच आहे."

"मुलगी बसते गं, घोडी बसत नाही. घोडी हॉलिसच्या नावावर आहे. पंचाच्या सख्ख्या भावाची घोडी त्याच पंचापुढे कशी उतरणार? मला नियम तूच शिकवलेस."

मी म्हटलं, "दोन दिवस पोस्टात टाकू नकोस."

पुढच्या वर्षी टेसीला मोठ्यांत उतरावं लागणार, हे मला माहीत होतं. मुलांच्यातला हा तिचा शेवटचाच शो. तिसऱ्या दिवशी सकाळी मीच ओपलला फोन केला, म्हटलं, माझं नाव काढ.

"काय झालंय तुला?"

"गुडघा."

"कुठला?"

हॉलिस, ते मी ठरवलंच नव्हतं. "दोन्ही," म्हणाले. ओपल म्हणाली, "बरं. दोन्ही लिहिते." नियमांच्या पुस्तकासाठी आयुष्य घालवलेली बाई मी, आणि सरकारी थाटाच्या कागदावर खोट्या कारणाखाली सही ठोकली. पाप लागलं असेल, पण झोप छान लागली.

हे सांगून मोठेपणा घ्यायचा नाही. नडीनलाही सांगणार नव्हते. पण बक्षिसं झाल्यावर ती गॅलरीच्या पायऱ्या चढून माझ्यापाशी आली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

"आत्या, तुझे गुडघे तर ठणठणीत दिसतायत."

"उतरताना दुखतात."

"ओपलने सांगितलं मला." ती शेजारी बसली. खाली टेसी घोडीला पाणी पाजत होती, तिकडेच बघत म्हणाली, "त्या वर्षी बक्षीस गेलं, त्याचं मला काही वाटलं नव्हतं गं. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस, त्याचं वाटलं."

त्याचं उत्तर तिच्याआधी तुला देते.

अडुसष्ट साली ती हौशी बायकांच्या वर्गात पहिली आली, आणि पंधरा मिनिटांत मी तक्रार लिहून दिली, की कॅंपात मुलांना घोड्यावर बसायला शिकवण्याचे तिने पैसे घेतलेत, ती हौशी राहिली नाही. लाउडस्पीकरवरून तिचं नाव बाद म्हणून वाचलं गेलं. तू म्हणालास, "तुला आजच कळलं का हे?" मी म्हणाले, "हो."

आज कळलं नव्हतं, हॉलिस. जूनमध्ये ती माझ्याच स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसली होती, आणि पहिली कमाई झाली म्हणून खुशीत मला सांगत होती. तेव्हा मी एक शब्द बोलले असते तर ती दुसऱ्या वर्गात उतरली असती. बोलले नाही. त्याच आठवड्यात डॅडींनी तबेला तुझ्या नावावर केला होता, "घोड्यांमागे पुरुषमाणूस हवा" म्हणाले होते, आणि त्यातली निम्मी शिंगरं मी खोगिराला तयार केली होती. राग डॅडींचा होता, तुझाही थोडा. काढला पोरीवर. नियम बरोबर होता. मी बरोबर नव्हते.

हे नडीनला सांगायचं की नाही, ते तू ठरवू नकोस. मीच सांगेन.

शनिवारी सरबत प्यायले, ऊन खाल्लं, कुणाला नंबर लावावा लागला नाही. मला वाटलं होतं, पंचाची खुर्ची गेली की जिवाला लागेल. नाही लागलं. घोडे बघायला किती सुंदर असतात, हे मी विसरलेच होते.

येत्या रविवारी प्रार्थना झाल्यावर तुझ्याकडे येते. हॅम आणि कॉर्नब्रेड घेऊन येईन, तुला धड उभं राहता येत नसेल. मागच्या दाराने येईन. कडी लावलेली असली तर टोपली पायरीवर ठेवून परत जाईन, राग धरणार नाही. नसली, तर दोन ताटं काढून ठेव.

तुझ्याहून चार वर्षांनी मोठी, आणि एकोणीस वर्षं उशीर झालेली,
तुझी बहीण
लुरेटा